पारड्यावरचा अंगठा

बाजारपेठेत वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस एकच, म्हणून त्याला नावाची गरज कधी पडली नाही. मटणवाल्यापासून सोनारापर्यंत सगळे त्यांना काटेकाका म्हणत. वय सदुसष्ट, अंगकाठी किडकिडीत, खांद्याला जुनी चामडी पिशवी. पिशवीत पितळी वजनांची पेटी, दोन-तीन स्क्रूड्रायव्हर, धूळ झाडायला मऊ ब्रश आणि जागा सपाट आहे की नाही हे बघायला छोटीशी पाणसळ. दुकानात शिरले की रामराम-श्यामराम काही नाही, आधी काट्याखाली पाणसळ. जागाच तिरकी असेल तर बिचाऱ्या काट्यानं काय करावं, असं त्यांचं म्हणणं. आता यात खोटं काय आहे?

माणूस नाकासमोर चालणारा, पण जिभेला धार. एकदा एका मटणवाल्यानं हळूच विचारलं, किलोमागं पन्नास ग्रॅमची मेहेरबानी होईल का. काकांनी उघडलेला काटा तसाच ओट्यावर सोडला, सगळे स्क्रू त्याच्या तळहातावर मोजून ठेवले आणि चालू लागले. त्याचं दुकान दोन दिवस बंद राहिलं. काटा मारणारे बाजारात कमी नव्हते, पण ज्या काट्याला काकांचा हात लागला तो खरा, हे गिऱ्हाइकांनाही माहीत होतं. चाळीस वर्षांत त्यांनी कमावलं ते एवढंच.

बाजारात या माणसाचा असा दरारा. घरी मात्र त्यांना कुणी विचारत नसे, कारण घरी कुणी नव्हतंच. बायको जाऊन चार वर्षं झाली. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक खिडकी, दोन खुर्च्या. दुसऱ्या खुर्चीवर आता इस्त्रीचे कपडे बसत. एकुलती एक लेक रेल्वेनं पाच तासांवरच्या शहरात. नोकरी, नवरा, शाळेत जाणारी दोन मुलं, म्हणजे डोकं खाजवायला फुरसत नाही अशातली गत. आई होती तेव्हा मायलेकींचा फोन तासतास चालायचा, आणि शेवटी आई फोन काकांच्या हातात द्यायची. पलीकडून विचारणा व्हायची, बाबा, बरे आहात ना? काका म्हणायचे, हो, ठेवतो. पंधरा वर्षांत बापलेकीचं फोनवरचं बोलणं या दोन वाक्यांपलीकडे कधी गेलं नव्हतं. मग बायको गेली आणि फोन द्यायला मधे कुणी उरलं नाही. लेक दर रविवारी करायची, नाही असं नाही. पण दोन वाक्यांना किती वेळ लागतो? भाजी निवडायला घेतलेली असायची, ती निवडून व्हायच्या आत फोन संपलेला असायचा.

आपणहून फोन करावा असं त्यांना शंभरदा वाटलं. पण तिनं "काय झालं बाबा?" असं विचारलं तर सांगायचं काय? काही झालेलं नाही, हे सांगायला कुणी फोन करतं का?

तर अशात एक दिवस काका गुडघ्याचं मलम आणायला औषधाच्या दुकानात गेले. दुकानातली औषधवाली बाई त्या दिवशी येईल त्याचं बीपी मोजून देत होती. काका म्हणाले, मला काय धाड भरलीय? तिनं ऐकलं नाही, दंडाला पट्टा गुंडाळलाच. वरचा आकडा एकशे शहात्तर, खालचा एकशे चार. काकांनी आकड्याकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं आणि विचारलं, हे तुम्ही शेवटचं कधी तपासून घेतलंत? बाईही शेरास सव्वाशेर. तिनं पट्टा स्वतःच्या दंडाला लावून दाखवला. एकशे अठरा, शहात्तर. घ्या, म्हणाली, मशीन शहाणं आहे.

तरी काकांचा पीळ जाईना. एका खऱ्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता, तीन काटे एक बोलले तरच मानायचं, असा धंद्याचा नियम. ते आणखी दोन ठिकाणी मोजून आले. आकडा इकडचा तिकडे, पण पारडं जडच. मग डॉक्टरीणबाईंकडे गेले. मला काहीच होत नाही, डोकं दुखत नाही, चक्कर नाही, असं त्यांनी बजावून सांगितलं. बाई म्हणाल्या, हाच तर त्याचा लबाडपणा. वाळवी लाकूड खाताना आवाज करते का? आतल्या आत हृदयावर, मूत्रपिंडावर, मेंदूतल्या बारीक नसांवर ताण पडत राहतो आणि माणूस मात्र ठणठणीत हिंडत असतो. रोज एक गोळी, बरं वाटलं तरी. मीठ कमी. रोज अर्धा तास चालणं. खारे शेंगदाणे बंद. हे शेवटचं काकांना गोळीपेक्षा जड गेलं, कारण संध्याकाळी खिडकीत बसून खारे शेंगदाणे खाणं ही त्यांची एकुलती एक चैन होती.

रविवारी लेकीचा फोन आला. बरे आहात ना? काका म्हणाले, हो, बीपी निघालंय, ठेवतो. आणि खरंच ठेवला.

अर्ध्या मिनिटात फोन परत वाजला. असा तो कधीच वाजला नव्हता. लेक घाबरली होती, रागावली होती, आकडा किती, गोळी कोणती, डॉक्टर काय म्हणाल्या, सगळं खोदून खोदून विचारत होती. चौथ्या दिवशी तिनं पाठवलेलं मशीन दारात हजर. रोज सकाळी आठला मोजायचं आणि फोटो काढून तिला पाठवायचा, असा हुकूम.

मशीन काकांना फार आवडलं. त्यांनी ते आधी उलटंपालटं करून न्याहाळलं, टेबलाखाली पाणसळ धरली आणि मगच पाठीमागची चिठ्ठी वाचली. काही शंका होत्या त्या औषधवालीला विचारून आले. मोजण्याआधी लघवीला जाऊन यायचं. अर्धा तास आधी चहा नाही. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही. बाही वर करून उघड्या दंडाला पट्टा, हात टेबलावर, छातीच्या उंचीला. आणि मोजताना तोंडातून अक्षर काढायचं नाही. काकांना हे सगळं पटलं. काटा आधी स्थिर, मग शून्यावर, मग वजन. वेगळं काय होतं यात? ते लेकीला रोज सकाळी खराखुरा आकडा पाठवू लागले. एकशे अडुसष्ट. एकशे बासष्ट. आणि रोज सकाळी लेकीचा फोन येऊ लागला. काय खाल्लंत, झोप लागली का, मीठ किती घातलंत. काका उत्तरं द्यायला शिकले. एकदा तर त्यांनी आपणहून सांगितलं की खालच्या मजल्यावरच्या मांजरीनं तीन पिल्लं घातलीत. लेक हसली. आईसारखं हसते ही, हे काकांना त्या दिवशी कळलं.

मग गोळी लागू पडली. पडणारच. महिनाभरात आकडा एकशे अठ्ठावीसवर आला, खालचा ऐंशीच्या आत. काकांनी फोटो पाठवला. फोन आला नाही. फोनवर फक्त दोन शब्द उमटले: छान, बाबा.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. लेकीचं काही चुकत होतं का? तिच्या डोक्यावरचं एक ओझं उतरलं होतं आणि उरलेली नऊ होतीच. पण काका आठ वाजून दहा मिनिटांनी फोन समोर ठेवून बसत आणि साडेनऊपर्यंत उठत नसत. बरं होण्याची अशी शिक्षा त्यांना कुणी सांगितली नव्हती.

एका सकाळी लिफ्ट बंद पडली. काका दूध घेऊन साठ पायऱ्या चढून आले, घड्याळात आठ वाजलेले, म्हणून धापा टाकतच पट्टा लावला. एकशे एकसष्ट. आकडा खोटा आहे हे त्यांना दिसत होतं. पाच मिनिटं बसून पुन्हा घ्यायला हवा, हेही माहीत होतं. तरी त्यांनी फोटो काढला. पाठवल्यावर दोन मिनिटांत फोन वाजला आणि बापलेक अकरा मिनिटं बोलले.

पुढचं काय सांगायचं? लिफ्ट दुसऱ्या दिवशी चालू झाली आणि काका जिन्यानं चढले.

ते जिना चढत. लघवी रोखून धरत. पायावर पाय टाकून बसत. हात टेबलाखाली लोंबता सोडत, आणि पट्टा फुगत असताना मोठमोठ्यानं भिंतीशी बोलत, बहुतेक वेळा मटणवाल्याला दिलेल्या शिव्याच. सगळं जमून आलं की आकडा एकशे सत्तरच्या वर जाई. मशीनला मात्र त्यांनी बोट लावलं नाही. तेवढंच बरीक मनाला समजावायला होतं: मशीन खरंच बोलतंय, जेवढं वजन तेवढं दाखवतंय, मी कुठं काटा मारला? पण चाळीस वर्षं ज्यानं दुकानदारांची बोटं पाहिली त्याला हे कळत नव्हतं थोडंच. काटा खरा ठेवून पारड्यावर अंगठा टेकवायचा, ही तर बाजारातली सगळ्यात जुनी लबाडी.

फोन मात्र रोज येत होता.

लेकीनं स्वस्थ बसावं कसं? ती रोजचे फोटो डॉक्टरीणबाईंना पाठवत होती. बाईंनी काकांना दोनदा बोलावलं, काकांनी दोनदा गुडघ्याचं निमित्त पुढे केलं. आता गेलो तर त्या स्वतः मोजतील आणि पितळ उघडं पडेल, चोराच्या मनात चांदणं. मग बाईंनी फोटोंवरून गोळीचा जोर वाढवला. आकडा हलेना, म्हणून तीन आठवड्यांनी दुसरी गोळी जोडली. काका गोळ्या इमानेइतबारे घेत होते. औषधात लबाडी करायची नाही, असं त्यांच्या डोक्यात पक्कं. म्हणजे बघा, दुखणं होतं तीन आण्यांचं आणि औषध चाललं होतं रुपयाचं. खुर्चीतून उठलं की क्षणभर खोली फिरायची. ते भिंत धरून उभे राहायचे, डोळ्यांपुढचा काळोख जाईपर्यंत, आणि हे कुणाला सांगायची सोय उरली नव्हती.

एका सकाळी ते धान्यवाल्याच्या गोदामात पोत्यांचा भुईकाटा दुरुस्त करत होते. पालथं पडून खालची धूळ काढली, दांडा जागेवर बसवला आणि झटकन उठले. उठले ते तसेच कोसळले. लोखंडी पट्टीवर कपाळ आपटलं, भुवई फाटली. धान्यवाल्यानं आरडाओरडा न करता त्यांना आपल्याच गाडीत घालून डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात नेलं आणि काकांच्या फोनमध्ये रोज सकाळी दिसणाऱ्या नंबरावर फोन लावला.

लेक दुपारी चारला पोचली, केस विस्कटलेले, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच. काका खाटेवर, भुवईला पाच टाके. बाई हैराण होऊन बसल्या होत्या. काकांना आणल्या आणल्या मोजलेलं बीपी ब्याण्णव, खालचं अठ्ठावन्न. आणि लेकीच्या फोनमध्ये आज सकाळचा आकडा एकशे बहात्तर. याचा मेळ कसा घालायचा? लेकीनं तिथल्या तिथे निकाल लावला की मशीन बिघडलेलं आहे. या भिकार मशीनपायी माझा बाप मेला असता, म्हणाली, आणि तक्रार करायला कंपनीचा नंबर शोधू लागली.

काका छताकडे बघत पडले होते. गप्प राहिले असते तर सगळं निभावलं असतं. नवीन मशीन आलं असतं, नवा आकडा आला असता, कुणाला काही कळलं नसतं. पण एका चांगल्या काट्याला आपल्या डोळ्यांदेखत कुणी खोटं म्हणतंय, हे त्यांच्यानं ऐकवेना. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तो असा.

"मशीनला काही बोलू नकोस," ते म्हणाले. "मशीन चांगलं आहे. मी जिना चढून मोजत होतो."

कुणाला पहिल्यांदा अर्थच लागला नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं, लघवी रोखण्यापर्यंत. डॉक्टरीणबाई आधी चिडल्या, मग म्हणाल्या, चूक माझीही आहे, माणूस समोर न बसवता मी फोटोवरून गोळ्या वाढवायला नको होत्या. त्यांनी दुसरी गोळी बंद केली, पहिलीचा जोर पूर्वीइतका केला आणि बजावलं की घाबरून सगळंच बंद करू नका, बीपी आहेच, एकाच गोळीत आटोक्यात राहत होतं तेवढं. लेक खाटेच्या पायथ्याशी उभी होती आणि तिच्या कपाळाची शीर उडत होती. बाईंचं तिकडे लक्ष गेलं. त्यांनी तिचं वय विचारलं. एकोणचाळीस. शेवटचं बीपी कधी मोजलं? दुसऱ्या बाळंतपणात. बसा जरा, म्हणाल्या.

एकशे चौसष्ट, खालचं एकशे दोन.

बाई म्हणाल्या, आज प्रवास झालाय, धसका बसलाय, एका आकड्यावर शिक्का मारायचा नसतो. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी मोजा, मग बघू. पण बापाला आहे, तेव्हा कानाडोळा करू नका. काकांनी बाईंचा हात धरला आणि विचारलं, हे माझ्यामुळे झालं का? बाई म्हणाल्या, तीन महिन्यांच्या काळजीनं एवढं होत नाही, हे आधीपासून असणार, कुणी मोजलं नव्हतं इतकंच. काकांना ते ऐकू आलं, पटलं मात्र नाही.

घरी येताना गाडीत लेक खिडकीबाहेर बघत होती. तीन जिने चढायचे नव्हते, लिफ्ट चालू होती. दारात कुलूप काढताना ती म्हणाली.

"रोज तुमचा आकडा आला की मी मीटिंग सोडून जिन्यात जाऊन उभी राहायचे. घाईत भलताच नंबर लागायचा. तुम्ही सरळ फोन का नाही केलात बाबा?"

"काय बोलायचं ते सुचत नाही," काका म्हणाले.

तिनं दार उघडलं आणि आत जाऊन खुर्चीवरचे इस्त्रीचे कपडे उचलून खाटेवर ठेवले. त्या रात्री दोघं जेवले, भांडी घासली, दिवा मालवला. आपल्याच घरात, आपल्याच लेकीशेजारी काकांना इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. रिकाम्या घरात निदान फोनची वाट तरी बघता येत होती.

सकाळी लेक आपणहून मशीन घेऊन आली आणि समोर बसली. काकांनी सगळं शिस्तीत केलं. खुर्ची भिंतीला लावली, तिची पावलं जमिनीवर नीट टेकली आहेत ना ते वाकून पाहिलं, हाताखाली एक उशी ठेवली. बाही तिनं स्वतःच वर केली. पट्टा लावून ते म्हणाले, आता पाच मिनिटं बोलायचं नाही. तीन महिने ज्या आवाजासाठी त्यांनी जीव पणाला लावला तो आवाज हातभर अंतरावर होता, आणि आकडा खरा यायचा तर तो ऐकायचा नव्हता. खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर वर केलं. लेकीच्या कानाजवळ दोन पांढरे केस होते. हे कधी आले? काकांना ठाऊक नव्हतं. फोनवर केस दिसत नाहीत.

त्यांनी बटण दाबलं. पट्टा फुगला, थांबला, हळूहळू सैल झाला. पडदा काकांच्या बाजूला होता, तिला दिसत नव्हता. एकशे छप्पन, खालचा अठ्ठ्याण्णव. एक मिनिट थांबून पुन्हा. एकशे चोपन्न, शहाण्णव. जागा सपाट होती, हात बरोबर उंचीवर होता, शंकेला तसूभर जागा नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा काकांना वाटलं, देवा, हा काटा खोटा असू दे.

"किती?" लेकीनं विचारलं.

एकशे अठ्ठावीस म्हणायला किती वेळ लागतो? ती निर्धास्त होऊन संध्याकाळच्या गाडीत बसली असती. काकांच्या ओठांवर तो आकडा आलाही होता. त्यांनी मशीन उचललं आणि पडदा तिच्याकडे फिरवला.

तिनं आकडा वाचला. डोळे भरले, पण तिनं पुसले नाहीत.

"मी कुणाला पाठवू?" ती म्हणाली. "नवऱ्याला सांगितलं तर म्हणेल, टेन्शन घेऊ नकोस."

"मला पाठव. पाच मिनिटं बसून. खरा पाठव."

खरा म्हणताना त्यांची मान खाली गेली. ती त्यांच्याकडे बघत होती, रागावलेली की नाही ते त्यांना कळेना.

"पाठवेन," ती म्हणाली. "पण चांगला आला तरी फोन कराल ना, बाबा?"

काकांनी मान डोलावली. मग ते तिच्या दंडावरचा पट्टा सोडवू लागले, आणि बारीकसारीक स्क्रू डोळे मिटून काढणाऱ्या त्या बोटांना तो साधा पट्टा काही केल्या सुटेना.